पहिला पासपोर्ट

स्तंभ : हक्काचा कागद

बारशाच्या आदल्या संध्याकाळी काकींकडे डोकावले. पाळणा बांधून झाला होता, झेंडूच्या माळा ओवणं चाललं होतं, आणि पलंगावर बाळाच्या झबल्यांशेजारी कागदांचा ढीग पडला होता. काकी म्हणाल्या, "बाय, नाव तर ठरलं. ह्याला देश कुठला लावायचा, तेवढं सांग."

काकींची मुलगी बाळंतपणाला इंग्लंडातल्या स्विंडनहून माहेरी आली आहे. तिचा पासपोर्ट भारतीय. जावई आपल्याच तालुक्यातला. आजोबांच्या जन्मनोंदीच्या आधारावर तो पोर्तुगीज झाला आणि पुढे इंग्लंडात राहून त्याने ब्रिटिश नागरिकत्वही घेतलं. त्या दोन्ही देशांना दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही. गोव्यात आता गावागावात अशी घरं आहेत. 19 डिसेंबर 1961 पूर्वी इथे जन्मलेल्यांना पोर्तुगाल आजही आपलं मानतो आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनच्या दफ्तरात जन्म नोंदवून नागरिकत्व घेता येतं.

म्हणजे हे बाळ तीन देशांचं. आई भारतीय, वडील बेकायदा स्थलांतरित नाहीत, जन्म भारतात. म्हणून आपल्या कायद्याने ते जन्मतः भारतीय. वडिलांनी ब्रिटिश नागरिकत्व तिथे राहून मिळवलेलं असल्याने ते जन्मतः ब्रिटिशही, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. मात्र हे वंशाने आलेलं नागरिकत्व असतं. उद्या या बाळाचं मूल ब्रिटनबाहेर जन्मलं, तर सहसा ते आपोआप पुढे जात नाही. पोर्तुगालच्या 1981 च्या कायद्याप्रमाणे परदेशात जन्मलेल्या मुलाचा जन्म तिथल्या नागरी दफ्तरात नोंदवावा लागतो, आणि त्याआधी आईवडिलांचं लग्नही.

तिन्ही हक्कांचं मूळ एकाच कागदात आहे, तो म्हणजे इथला जन्मदाखला. जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची असते. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना जन्मतारीख आणि जन्मस्थळ दाखवायला हाच एक पुरावा चालतो. काकींच्या पिशवीतले कागद मी एकेक करून मांडले. पणजोबांच्या पोर्तुगीज नोंदीत आडनाव 'पोरोबो', जावयाच्या शाळेच्या दाखल्यावर 'प्रभू', पासपोर्टवर पुन्हा 'पोरोबो'. माणूस एकच, पण लिस्बनच्या टेबलावर ती दोन माणसं ठरतात. हॉस्पिटलच्या फॉर्मवर घरच्यांनी सवयीने 'प्रभू' लिहिलं होतं. सुदैवाने फॉर्म अजून गेला नव्हता. गावात कुठल्याही नावाने हाक मारा, फॉर्मवर वडिलांचं नाव त्यांच्या पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न बदलता लिहा. पुढे हा दाखला पोर्तुगालला पाठवताना त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालण्यासाठीचं सरकारी प्रमाणन, लागतं. चुकलेला दाखला दुरुस्त करून पुन्हा त्याच चक्रातून काढण्यात महिने जातात.

आता पासपोर्ट. परतीची तिकिटं निघालेली, म्हणून घरचे सरळ ब्रिटिश पासपोर्टाचा अर्ज भरायला बसले होते. तिथे मी त्यांना थांबवलं. आपल्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 सांगतं की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीयत्व संपतं. परदेशी पासपोर्ट घेणं हा त्या स्वेच्छेचा निर्णायक पुरावा, असं नियमांच्या परिशिष्टात लिहिलं आहे. बाळाला कसली आली स्वेच्छा? पण व्यवहारात त्या पासपोर्टनंतर ते परदेशी धरलं जातं. देशाबाहेर न्यायलाही परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाची परवानगी लागते. पुढे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळतं, पण त्या कार्डावर मत देता येत नाही आणि कुळागरासारखी बागायती जमीन विकत घेता येत नाही. दुसरी वाट आहे. भारतीय पासपोर्ट काढायचा आणि ब्रिटनमध्ये राहण्याच्या हक्काचा दाखला त्याला जोडून घ्यायचा. ती खर्चिक आहे, वेळही खाते. पण ती आहे, हे निवड करण्याआधी आईबापांना कळायला हवं.

ही निवड मुलाला मोठेपणी बदलता यायला हवी, असं मला कळकळीने वाटतं. कलम 8 खाली रीतसर घोषणा करून नागरिकत्व सोडणाऱ्यांच्या मुलांना ती सोय आहे. सज्ञान झाल्यापासून वर्षभरात 'मला भारतीय व्हायचं आहे' एवढं जाहीर केलं की पुरतं. कलम 9 खाली नागरिकत्व गेलेल्यांच्या मुलांना ती नाही. सिंगापूरमध्ये जन्मलेल्या एका मुलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच्या आईवडिलांनी जन्माआधी सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं होतं. त्यामुळे त्यांचं भारतीय नागरिकत्व कलम 9 खाली आपोआप गेलेलं ठरलं आणि मुलाचा कलम 8 चा दावा फेटाळला गेला. कायद्यात आहे तसा अर्थ न्यायालयाने लावला. म्हणूनच बदल कायद्यात व्हायला हवा. गोव्यात नागरिकत्व गमावणाऱ्यांपैकी बहुतेकांचं ते कलम 9 खालीच जातं, म्हणजे त्यांची मुलं या सोयीबाहेर राहतात.

आपल्या खासदारांकडे माझी एक मागणी आहे. पालकांचं वा मुलाचं स्वतःचं नागरिकत्व कलम 9 खाली गेलेलं असो, मूल अठरा वर्षांचं झाल्यावर त्याला परतण्यासाठी तेच एक वर्ष द्या. दुहेरी नागरिकत्व नको असेल तर त्या दिवशी त्याला एकच निवडायला सांगा. पण निवडू द्या त्यालाच.

काकींच्या जावयाशी त्या रात्री फोनवर तासभर बोलणं झालं. पासपोर्टाचं अजून ठरलेलं नाही, तिकिटं मात्र त्याने महिनाभर पुढे ढकलली. दुसऱ्या दिवशी पाळण्यात नाव ठेवलं, आणि सोमवारी तेच नाव 'पोरोबो' आडनावासह जन्मनोंदीच्या फॉर्मवर गेलं.

(लेखिका पणजी येथे वकिली करतात.)