लसीची कसोटी व शेतकऱ्याचा विश्वास

इ. स. २०२२ मध्यें महाराष्ट्रांत गाईबैलांवर लंपी चर्मरोगाची सांथ कोसळली, तेव्हां सरकारनें शेळ्यांच्या देवीची लस टोंचून निभावून नेलें. दोन्ही विषाणु एकाच कुळांतले, म्हणून उपाय शास्त्रास धरूनच होता. त्याच वर्षीं ऑगस्टांत हिसार व इज्जतनगर येथील संशोधकांची खास या रोगावरील लस जाहीर झाली. डिसेंबरांत तिच्या उत्पादनाचा करार पुण्याच्या पशुवैद्यकीय जैविक उत्पादन संस्थेशीं झाला.

परंतु लस निघाली म्हणजे काम संपलें, असें नाहीं. ही लस जिवंत, पण दुर्बल केलेल्या विषाणूची आहे. मात्रेंत त्याचें प्रमाण कमी पडलें, किंवा २ ते ८ अंशांचा थंडावा वाटेंत सुटला, तर सुई टोंचूनही जनावर उघडेंच राहतें. यास्तव प्रत्येक खेपेची कसोटी अवश्य आहे.

लोह्याच्या शेतकऱ्याचें भांडवल म्हणजे त्याचा लालकंधारी बैल. माळेगांवच्या यात्रेंत घेणारा दांत पाहिल्यावांचून सौदा करीत नाहीं. मग लसीचा पुरावा मागण्याचा हक्क त्यासच कां नसावा? खेपेच्या कसोटीचा निकाल व थंडाव्याची नोंद तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यांत लावावी, एवढीच आमची मागणी आहे. पुराव्यावांचून मागितलेला विश्वास फार दिवस टिकत नाहीं.