गोळ्यांचे दिवस कोणी मोजावेत?

स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०१७ पासून सतत अग्रस्थानी राहिलेल्या इंदूर नगरीवर २०२५ च्या डिसेंबरअखेर मान खाली घालण्याची पाळी आली. भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात मैल्याचे पाणी मिसळले. शेकडो माणसे जुलाब-उलट्यांनी आजारी पडली, काही प्राणांस मुकली. होळकरांच्या या नगरीशी मराठी मनाचे नाते जुने; म्हणूनच ही वार्ता आम्हांस घरच्यासारखी लागली.

महापालिकेच्या जबाबदारीविषयी पुष्कळ लिहिले गेले, ते योग्यच झाले. या निमित्ताने आम्ही आपल्याच एका सवयीकडे लक्ष वेधू इच्छितो. पोट बिघडले की आपण थेट फार्मसी गाठतो, ‘जुलाबाची गोळी’ मागतो, बरे वाटताच ती सोडतो आणि उरलेल्या गोळ्या पुढल्या खेपेसाठी जपून ठेवतो. इंदूर काय नि गोवा काय, परिपाठ एकच.

वस्तुतः पोटाचे सर्व विकार एक नव्हेत. मग औषधाचे दिवस तरी एक कसे असतील? साध्या पातळ जुलाबांत प्रतिजैविकाची गरज बहुधा नसतेच. शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून काढणे हाच मुख्य उपचार. १९७१ साली निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच क्षार-शर्करेच्या पाण्याने असंख्य पटकीग्रस्तांचे प्राण वाचविले. पटकीच्या प्रौढ रुग्णास डॉक्सिसायक्लिनची एकच मात्रा पुरते. जिवाणूंमुळे होणाऱ्या रक्ती आवेस साधारणतः तीन दिवसांचे औषध लागते. विषमज्वरास मात्र सात ते चौदा दिवस. तीन दिवसांचे औषध दहा दिवस घेणे हा जसा प्रमाद, तसाच विषमज्वराचा ताप उतरताच गोळ्या टाकून देणे हाही. पहिल्याने जिवाणू औषधास निर्ढावतात. दुसऱ्याने रोग उलटतो.

अशा औषधांच्या वेष्टनावरील तांबडी रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ते न घेण्याचा इशारा. २०१६ पासून शासन त्याचा प्रचार करीत आहे. परंतु विकणारा व घेणारा दोघेही डोळेझाक करतील, तर त्या रेघेचा उपयोग काय?

गोळ्यांचे दिवस डॉक्टरांनी मोजावेत आणि आपण ते पाळावेत. गोळीची पाळीच येऊ नये असे निर्मळ पाणी देणे हे मात्र शासनाचे कर्तव्य. ज्या स्वराज्यासाठी एक पिढी तुरुंगात गेली, त्यात नळाचा घोट निर्धास्तपणे घेता यावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.