गावाच्या नावाचा धनी कोण?

वस्तूला गावाचे नाव पडणे आपल्याला नवे नाही. चप्पल कोल्हापुरी, शालू बनारसी, कुंदा बेळगावी. गावाच्या नावाला एक ईकार जोडला की ओळख पुरी होते. जर्मन भाषेत हेच काम 'अर' हा प्रत्यय करतो. बोहेमियातील बुडवाइस गावची बिअर, म्हणून ती 'बुडवायझर'. या एका शब्दासाठी शंभर वर्षांहून अधिक काळ कज्जेदलाली चालली, आणि चेक प्रजासत्ताकाचे सरकार आजही एका बिअरच्या कारखान्याचे मालक आहे त्याचे मोठे कारणही हा शब्दच होय. मद्याची तरफदारी करण्याचा येथे हेतू नाही, हे वाचक जाणतातच. प्रश्न आहे तो नावाच्या मालकीचा.

हे गाव 1265 साली राजा दुसरा ओताकार याने वसविले. तेथे पिढ्यान्‌पिढ्या दोन भाषा नांदल्या, म्हणून गावालाही दोन नावे: जर्मन भाषकांचे बुडवाइस आणि चेक भाषकांचे चेस्के बुद्येयोवित्से. एकाच गावाला बडोदे, वडोदरा आणि बरोडा म्हणताना ऐकलेल्या आपल्या वाचकांना याचे नवल वाटू नये. 1795 साली तेथील जर्मन भाषक नागरिकांनी बिअरचा कारखाना काढला. शंभर वर्षांनी, 1895 साली, चेक नागरिकांनी भागभांडवल उभारून आपला वेगळा कारखाना काढला. तोच आजचा 'बुद्वार'.

परंतु या दोन सालांच्या मध्ये एक तिसरे साल येते. 1876 पासून अमेरिकेतील सेंट लुईस येथे अँह्यूझर-बुश हा कारखाना 'बुडवायझर' नावाची बिअर तयार करू लागला होता. अमेरिकन पक्ष म्हणे, आमचा माल बुद्वारपेक्षा एकोणीस वर्षांनी जुना. चेक पक्ष म्हणे, माल जुना असेल, पण गाव सहाशे वर्षांनी जुने आहे, त्याचे काय? 1939 च्या मार्च महिन्यात, हिटलरचे सैन्य प्रागमध्ये शिरण्याच्या काही दिवस आधी, एक करार झाला आणि पनामाच्या उत्तरेकडील सारा मुलूख या नावापुरता अमेरिकन कंपनीकडे गेला. पुढे 2001 पासून बुद्वारची बिअर अमेरिकेत 'चेकवार' या नावाने विकली जाऊ लागली. इंग्लंडमध्ये न्यायालयाने दोघांनाही हे नाव वापरू दिले, तर युरोपातील अनेक देशांत अमेरिकन मालावर नुसते 'बड' लिहावे लागले.

महायुद्धानंतर कारखाना सरकारजमा झाला आणि 1967 मध्ये त्याला राष्ट्रीय उद्योगाचे स्वरूप मिळाले. 1989 साली साम्यवादी राजवट कोसळल्यावर देशातील कारखाने भराभर खासगी हाती गेले. पिल्सेनचा सुप्रसिद्ध कारखाना 2017 साली जपानच्या आसाही कंपनीकडे आला, तर प्रागचा स्तारोप्रामेन 2012 पासून एका उत्तर अमेरिकन कंपनीचा आहे. बुद्वार मात्र कृषी मंत्रालयाच्या अखत्यारीत राहिला. त्याला मक्तेदारी नाही. खुल्या बाजारात इतरांशी स्पर्धा करूनच त्याला विक्री करावी लागते. देश जेमतेम एक कोटी नऊ लाख वस्तीचा, पण बिअरच्या दरडोई खपात जगात पहिला. तरीही विसाव्या शतकाच्या अखेरीस वर्षाला दीडशे लिटरांच्या पुढे असलेला हा खप अलीकडे 125 ते 130 लिटरांवर उतरला आहे. घटत्या बाजारात सरकारने हा व्यापार का करावा, असे कोणी विचारले तर ते वावगे नाही.

याचे उत्तर शेजारच्याच कारखान्यात सापडते. 1795 चा तो जुना कारखाना खासगी झाला आणि 2014 साली अँह्यूझर-बुशच्याच मालक कंपनीने तो विकत घेतला. बुद्वारही विकला गेला असता, तर गावाचे नाव गावातच परक्याचे झाले असते. कारखाना पुन्हा बांधता येतो. एकदा विकलेले नाव परत मिळविणे फार कठीण. 2004 मध्ये चेक देश युरोपीय संघात गेला तेव्हा त्या गावच्या बिअरला भौगोलिक नावाचे संरक्षण मिळाले, ते याच जाणिवेतून.

पण या कथेला एक दुखरी बाजूही आहे. 1945 नंतर तेथील जर्मन भाषकांना देशाबाहेर घालवून देण्यात आले. ज्यांच्या भाषेतून 'बुडवायझर' हा शब्द आला ती माणसे गेली, आणि त्यांच्या शब्दासाठी चेक सरकार जगभर भांडत राहिले. तेव्हा नावाचा धनी कोण: भाषा, गाव, की हात राबविणारा कारागीर?

आपल्याकडे 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील चार जिल्हेही त्यात घेतले गेले, आणि त्यांत बेळगाव आहे. नाव कोल्हापूरचे, पण सीमेच्या दोन्ही बाजूंच्या चर्मकारांच्या हातांचा हक्क त्यात मान्य झाला. दोन भाषांच्या शेजारात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही वाटणी अधिक शहाणपणाची वाटली, तर त्यात आश्चर्य नाही.