विश्लेषण : ‘सिस्टम रिस्टोर’ फसले तर संगणकातील माहिती कशी वाचते?

संगणक बिघडला की अनेक जण आधी ‘सिस्टम रिस्टोर’ करून पाहतात. तेच अर्ध्यावर अडकले तर घबराट उडते. अशा वेळी कामी येतो तो बॅकअप. मात्र रिस्टोर पॉइंट म्हणजेच बॅकअप, हा समज महागात पडू शकतो. हा फरक किती मोलाचा आहे, हे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावरील (एमआयडीसी) सायबर हल्ल्यात दिसले होते.

एमआयडीसीत काय घडले?

२१ मार्च २०२१ रोजी, रविवारी पहाटे महामंडळाच्या संगणक प्रणाली बंद पडल्या. ‘सिनॅक’ रॅन्समवेअरने फाइल कुलूपबंद केल्या होत्या. राज्यभरातील कार्यालयांचे ऑनलाइन कामकाज विस्कळीत झाले. नाशिकच्या सातपूर, अंबड या वसाहतीही याच महामंडळाच्या. महामंडळाच्या काही प्रणाली नाशिकस्थित ‘ईएसडीएस’ कंपनीच्या क्लाउडवर, तर काही स्वतःच्या सर्व्हरवर होत्या. बॅकअप फाइल क्लाउडमध्ये नेटवर्कच्या वेगळ्या भागात असल्याने त्यांना लागण झाली नाही, असे महामंडळाने तेव्हा स्पष्ट केले होते. प्रत वेगळ्या जागी होती, हाच कळीचा मुद्दा.

रिस्टोर पॉइंट बॅकअप का नव्हे?

रिस्टोर पॉइंटमध्ये विंडोजच्या प्रणाली फाइल, ड्रायव्हर आणि सेटिंगची नोंद असते. फोटो, हिशेबाच्या फाइल, बिले यांची प्रत त्यात मिळेलच असे नाही. शिवाय हा पॉइंट त्याच डिस्कवर राहतो. डिस्क गेली की तोही जातो. अनेक रॅन्समवेअर तर आधी हे पॉइंटच पुसून टाकतात.

रिस्टोर फसल्यावर आधी काय करावे?

प्रक्रिया सुरू असताना बटण दाबून संगणक बंद करू नये. ‘रिस्टोर पूर्ण झाले नाही’ असा संदेश आल्यास अँटिव्हायरस तात्पुरता बंद करून किंवा आधीचा पॉइंट निवडून पुन्हा प्रयत्न करता येतो. विंडोज सुरूच होत नसेल, तर लागोपाठ काही प्रयत्न फसल्यावर दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तो न आल्यास दुसऱ्या संगणकावर विंडोजचा पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून संगणक सुरू करावा. तेथे ‘स्टार्टअप रिपेअर’, सेफ मोड आणि नुकतेच आलेले अपडेट काढण्याचे पर्याय असतात. डिस्कला ‘बिटलॉकर’चे कुलूप असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते आणि मोबाइलवरूनही पाहता येते.

बॅकअपवरून संगणक कसा उभा राहतो?

बॅकअप दोन प्रकारचे असतात. ‘सिस्टम इमेज’मध्ये विंडोज, प्रोग्रॅम आणि फाइल सगळे असते. मात्र ती उतरवताना डिस्कवरील सध्याचा मजकूर पुसला जातो. त्यामुळे इमेज घेतल्यानंतरच्या फाइल आधी बाहेर काढाव्यात. त्यासाठी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडता येते. फक्त फाइलचा बॅकअप असेल, तर विंडोज आणि प्रोग्रॅम नव्याने टाकून फाइल परत आणाव्या लागतात. ‘रिसेट’मधील ‘माझ्या फाइल ठेवा’ हा पर्याय फाइल राखतो, पण नंतर टाकलेले प्रोग्रॅम काढतो. रॅन्समवेअरचा संशय असेल तर संगणक स्वच्छ झाल्याशिवाय बॅकअपची डिस्क जोडू नये. डिस्कमधून टकटक आवाज येत असल्यास संगणक बंद करून जाणकाराकडे द्यावा.

आता हा मुद्दा महत्त्वाचा का?

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यामुळे घरोघरी, दुकानांत, लहान कार्यालयांत जुन्या संगणकांवर नवी प्रणाली टाकली जात आहे. असे मोठे बदल करताना बिघाडाची शक्यता वाढते. जाणकारांचा सर्वमान्य नियम ‘३-२-१’ असा आहे : माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातील एक दुसऱ्या ठिकाणी. कायम जोडून ठेवलेली डिस्क पुरेशी नाही. काम झाले की ती काढून ठेवावी. अधूनमधून बॅकअपमधील एखादी फाइल उघडूनही पाहावी. न उघडणारा बॅकअप असून नसल्यासारखाच, आणि हे संगणक बंद पडल्यावर कळून उपयोग नसतो.