जखमांच्या तक्त्याविरुद्ध

घरचे नियम ही काही नवी गोष्ट नव्हे. मेंढीकोटाचा हुकूम कसा ठरवायचा, ल्यूडोत सोंगटी बाहेर काढायला सहाच पडले पाहिजेत की एकावरही चालते, लागोपाठ तीनदा सहा पडले तर दान जळते की नाही, यावर आमच्या लहानपणी दर सुट्टीत भांडणे होत आणि 'आमच्याकडे असेच खेळतात' या एका वाक्याने ती मिटत. पाहुणा मुकाट्याने मान्य करी, कारण घर त्याचे नसे. आज ज्या घरच्या नियमाविरुद्ध आम्ही लिहायला बसलो आहोत तो मात्र एखाद्या घरापुरता उरलेला नाही. टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि नाना बाजूंचे फासे घेऊन जे अद्भुतकथांचे खेळ खेळले जातात, त्यांत पात्राला जबर वार बसला की एका तक्त्यावर फासा टाकायचा आणि त्याचा डोळा, हात नाहीतर पाय कायमचा काढून घ्यायचा, अशी ही चाल आहे. तिला 'वास्तववाद' असे भारदस्त नाव दिले जाते. आमचे म्हणणे असे की ती वास्तव तर नाहीच, पण खेळ म्हणूनही अप्रामाणिक आहे. हे आम्ही दुरून पाहून म्हणत नाही. तो तक्ता आम्ही स्वतः दीड वर्ष वापरला आहे.

ज्या वाचकांना हा खेळ अपरिचित असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रत्येक खेळाडू एका पात्राच्या वतीने बोलतो आणि एक जण सूत्रधार होतो. जग, शत्रू, हवामान, गावकरी हे सारे सूत्रधाराच्या तोंडून येते. जिथे यशापयशाची शंका असेल तिथे फासा पडतो. या प्रकारातला पहिला छापील खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. तो गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. त्यात पात्राच्या प्राणाचे माप 'हिट पॉइंट' या आकड्यात ठेवलेले असते. वार बसला की आकडा उतरतो, शून्याला पोचला की पात्र कोसळते. ही कल्पना आपण नौदलाच्या युद्धखेळातून उचलली असे आर्नेसन सांगत असत. माणसाला असे जहाजाचे माप लागले! जहाज बुडेपर्यंत तरंगते आणि त्याला वेदना नसते, फक्त डागडुजी असते. पुढच्या पन्नास वर्षांतली बरीचशी भांडणे या एका उसनवारीतून निघाली आहेत.

गायगॅक्स यांना ही अडचण ठाऊक होती. १९७९ च्या सूत्रधारासाठीच्या ग्रंथात त्यांनी तिचे समर्थन केले आहे. हे आकडे म्हणजे मांस आणि रक्त नव्हे. त्यांतला मोठा भाग कसब, दैव आणि देवतेची कृपा यांचा आहे, असा त्यांचा युक्तिवाद. तो मान्य करायला आमची हरकत नाही. पण त्याच ग्रंथात बरे होण्याचा वेग होता दिवसाला एक अंक, आणि आकडा कितीही मोठा असो, सलग चार आठवड्यांच्या विश्रांतीने तो पूर्ण भरे. पुढे हा काळ आक्रसत गेला. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत दिवसाच्या विश्रांतीला पात्राच्या पातळीइतके अंक मिळू लागले. २००८ च्या चौथीत सहा तासांत सर्व अंक परत आले, २०१४ च्या पाचवीत आठ तासांत. म्हणजे पस्तीस वर्षांत चार आठवड्यांची एक रात्र झाली.

याला कारणे होती आणि ती क्षुद्र नव्हती. आठवड्यातून एक संध्याकाळ भेटणाऱ्या लोकांना चार आठवडे अंथरुणावर पडून राहणारे पात्र नको असते. शिवाय जुन्या पद्धतीत कोणा एकाला भक्तभावाने पुरोहिताचे पात्र घेऊन इतरांच्या जखमांवर हात ठेवत बसावे लागे. त्या बिचाऱ्याची यातून सुटका झाली. आठ तासांत बरे होणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. ते गायगॅक्स यांच्या युक्तिवादाला धरून आहेत: जे गेले ते दम आणि दैव होते, झोपेने ते परत आले. त्यांच्या खेळात रक्त नाही आणि असल्याचा दावाही नाही.

आमचे भांडण आहे ते सकाळी सगळे अंक परत घेऊन रात्री तक्त्यावर हात तोडणाऱ्यांशी.

हा तक्ता पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या सूत्रधार-ग्रंथात ऐच्छिक नियम म्हणून छापलेला आहे, आणि बहुतेक घरगुती तक्ते त्याचीच भावंडे असतात. वीस बाजूंचा फासा टाकायचा. एक पडला तर डोळा गेला, दोन पडले तर हात, तीन पडले तर पाय. पुढे लंगडणे, आतला मार, मोडलेल्या बरगड्या, चिघळलेली जखम, व्रण असे उतरत्या क्रमाने येते. त्याच प्रकरणात, काही पाने आधी, आणखी एक ऐच्छिक नियम आहे: छोटी विश्रांती आठ तासांची आणि मोठी सात दिवसांची करावी. दोन्ही नियम शेजारी उभे असताना तक्ता उचलला जातो आणि सात दिवस पानावरच राहतात. का? तक्त्याला लागतो एक फासा आणि टेबलावरचा एक दीर्घ 'हाय!'. सात दिवसांना दिनदर्शिका लागते.

आता जरा हिशेब करू, कारण वास्तववादी मंडळी हिशेबाला फार मानतात. प्रत्येक वाराला वीस पडण्याचा संभव शेकडा पाच. जंगलात भेटलेला एखादा लुटारू चार वार झेलून मरतो. त्याच्यावर तक्ता लागू होण्याचा संभव शेकडा एकोणीसहून कमी, आणि लागू झाला तरी त्याच्या गेलेल्या डोळ्याची चिंता कोणी करीत नाही, कारण तो पुढच्या क्षणी मेलेला असतो. आघाडीवर ढाल घेऊन उभे असलेले पात्र मात्र महिनोन्‌महिने जगते आणि काही महिन्यांत सहज शंभर वार अंगावर घेते. तक्त्यातल्या पहिल्या तीन ओळी धरल्या तर शंभर वारांत त्याचा एखादा तरी अवयव जाण्याचा संभव निम्म्याहून अधिक होतो. तोडलेला अवयव परत आणणारी विद्या तेराव्या पातळीच्या आधी हाती येत नाही. बहुतेक कथा तिथवर पोचतच नाहीत. म्हणजे तक्ता शत्रूला स्पर्श करीत नाही, मागे उभ्या असलेल्या मांत्रिकाला क्वचित करतो, आणि जो इतरांसाठी पुढे उभा राहतो त्याला हमखास लुळा करतो. मित्रासाठी वार झेलणाऱ्याला दंड करणारा हा नियम कोणत्या वास्तवाचा?

आम्ही हा हिशेब फार उशिरा केला. आधी जे घडले ते सांगणे भाग आहे.

इंदुरातल्या आमच्या टेबलावर एक तरुण येत असे. स्कूटरवरून पडून त्याच्या नडगीचे हाड दोन ठिकाणी मोडले, पट्टी बसवावी लागली आणि चार महिने तो घराबाहेर पडला नाही. पाचव्या महिन्यात कुबडी घेऊन तो खेळायला आला. आम्ही सर्वांनी त्याचे जोरदार स्वागत केले, पेढे वाटले. सूत्रधार आम्हीच होतो. दुसऱ्या तासाला पुलावरच्या लढाईत शत्रूचा वीस पडला, आम्ही छापून आणलेला तक्ता पुढे सरकवला आणि त्याच्या पात्राचा फासा तीनवर थांबला. तक्त्यात लिहिले होते तसे आम्ही वाचून दाखवले: पाय गेला, चालण्याचा वेग निम्मा, काठी आवश्यक, तोल सांभाळताना अडचण. वाचता वाचता आमचा आवाज उतरला, पण आम्ही वाचले. तो रागावला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "काका, वेगाचं काही नाही हो. पाणी मागावं लागतं, ते कुठे लिहिलंय यात?"

ते तक्त्यात कुठेच लिहिलेले नव्हते. चार महिने त्याच्या आईने रात्री दोनदा उठून उशी सरकवली, धाकट्या भावाने परीक्षेच्या दिवसांत त्याला जिन्यावरून उतरवले, हे आम्हाला तोवर ठाऊकही नव्हते, कारण आम्ही फक्त 'पाय कसा आहे?' एवढेच विचारीत होतो. आमच्या तक्त्याप्रमाणेच आम्हालाही हाड दिसत होते, दिवस दिसत नव्हते. त्या रात्री आम्ही तक्ता घरी नेला आणि पुन्हा आणला नाही.

खरे तर आपल्या कथांना हे आमच्याआधी कळलेले आहे. शक्ती लागून लक्ष्मण पडतो तेव्हा रात्रीतून बरा होतो हे खरे. पण सुषेण औषध सांगतो, मारुती उत्तरेला झेप घेतो, वनस्पती ओळखता येत नाही म्हणून डोंगरच उचलतो आणि सूर्योदयापूर्वी परततो. बरे होणे कोणाला तरी करावे लागते. उलट अश्वत्थाम्याचे पाहा. त्याच्या कपाळावरचा मणी गेला हा क्षणाचा प्रसंग. शिक्षा आहे ती जखम न भरण्याची. तो तेल मागत दारोदार फिरतो असे मराठी घरांत आजीने सांगितलेले असते. नर्मदेच्या परिक्रमावासीयांकडून आणि असीरगडच्या वाटेवर आम्हा माळव्यातल्यांना ते पुन्हा ऐकायला मिळते. त्याने काय गमावले हे कोणाच्या फारसे लक्षात राहत नाही. तेल मागतो हे राहते. आणि सुश्रुताने व्रणासाठी साठ उपक्रम सांगितले आहेत. जखम एक, उपचार साठ. आमच्या टेबलांवर हे प्रमाण नेमके उलटे झाले आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, आम्ही साहस खेळायला बसतो, इस्पितळ नव्हे. मान्य. पण दिवस मोजणे म्हणजे ते सर्व दिवस टेबलावर खेळणे नव्हे. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५ च्या 'पेंड्रॅगन' या आर्थर राजाच्या खेळात जखमा आठवड्याच्या मापाने भरतात, आणि प्रत्येक वर्षाच्या शेवटी हिवाळा येतो. शेती, मुलेबाळे, म्हातारपण यांचा हिशेब तेव्हा थोडक्यात होतो. १९८७ च्या 'आर्स मॅजिका'त काळाचे माप ऋतू हेच आहे, आणि एकेका खेळाडूकडे अनेक पात्रे असल्याने एक आजारी पडला तर दुसरा निघतो. हे खेळ कंटाळवाणे आहेत असे ते खेळलेला माणूस म्हणणार नाही. दुखणाईत पात्र अंथरुणावर असताना शत्रू थांबत नाही, पूर येतो, सरदाराचे लग्न ठरते. अंथरुणावरच्या माणसाला जगाची ही घाई जितकी जाणवते तितकी घोड्यावरच्याला जाणवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: मग अपंग नायक नकोतच का? हवेत. खेळाडूने स्वतः मागितला तर एक डोळ्याचा तिरंदाज आम्ही आनंदाने घेऊ आणि त्याच्या नेमाला पैचाही दंड लावणार नाही. फाशाने अंगावर फेकलेली शिक्षा म्हणून ते नको.

त्या छापील तक्त्यातली एक ओळ मात्र आम्ही ठेवली आहे, चिघळलेल्या जखमेची. ती दिवसागणिक माणसाला खचवते आणि मंत्र नसेल तर दुसऱ्या कोणीतरी रोज एकदा जखम पाहावी लागते. अशी दहा वेळा यश आले की ती भरते. सगळ्या पानावर ही एकच ओळ अशी आहे की जिच्यात शुश्रूषा करणारा माणूस शिरतो. आमचा सध्याचा घरचा नियम तिच्यावरूनच बेतला आहे. शून्याला पोचलेले पात्र वाचले तर अवयव जात नाही, दिवस जातात; किती ते फासा सांगतो. त्या दिवसांत त्याच्याजवळ कोण बसले हे नावानिशी लिहावे लागते, आणि कोणीच बसले नाही तर दिवस दुप्पट.

या घडीला आमच्या कथेतली तिरंदाज बरगडीत बाण लागून नदीकाठच्या मठात पडली आहे. तिचे अजून अकरा दिवस बाकी आहेत. ते पात्र खेळणाऱ्या मुलीने तोवर मठातली स्वयंपाकीण खेळायला घेतली आहे. मागच्या रविवारी तिने लुटारूंना पेज वाढता वाढता त्यांचा बेत काढून घेतला. रात्रीच्या पाळीला रुग्णाजवळ बसायला तो कुबडीवाला तरुण, म्हणजे त्याचा ढालवाला, स्वतःहून थांबला. कुबडी आता सुटली आहे.