वहीखाते वाचणारा वार्ताहर

दीपावलीस भगवान महावीरांच्या निर्वाणाचे स्मरण होते, नवे वीर निर्वाण संवत सुरू होते आणि पेढ्यांवर नव्या वहीचे पूजन होते. वहीवर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ हे दोन शब्द जोडीने लिहिण्यामागे एक जुना संस्कार आहे : जो लाभ शुभ नाही, तो वहीत शोभत नाही. पुढे वर्षभर ही वही मुनीम वाचतो, सनदी लेखापाल वाचतो, कर खात्याचा अधिकारी वाचतो. गावाच्या आर्थिक जीवनाची वार्ता लोकांपर्यंत नेणाऱ्या वार्ताहराला मात्र बहुधा ताळेबंद वाचता येत नाही. कारण तो कसा वाचावा हे त्याला कोणी शिकवलेलेच नसते.

वास्तविक वृत्तपत्र आणि व्यापार यांचे नाते जुने आहे. १८२२ साली फर्दुनजी मर्झबान यांनी मुंबईत सुरू केलेल्या गुजराती ‘मुंबई समाचार’मध्ये आरंभीच्या काळात जहाजांची ये-जा, मालमत्तांची विक्री अशी व्यापारी वर्गास उपयोगी माहिती असे. आज तालुक्याच्या गावातील वार्ताहराला गुन्हे, राजकारण आणि समारंभ यांच्या बातम्यांचा सराव असतो, बाजारपेठेचा नसतो. त्यातच अनेक ठिकाणी बातमी लिहिणारा आणि जाहिरात मागणारा एकच असतो. परिणामी पेठेविषयी छापून येते ते एकतर कौतुक, नाहीतर भानगड.

या अज्ञानाची किंमत कोण मोजतो? सांगलीसारख्या हळदीच्या बाजाराचे उदाहरण घ्यावे. हंगामाच्या प्रारंभी मुहूर्ताच्या सौद्यात निवडक मालाला चढा भाव मिळतो आणि दुसऱ्या दिवशी ‘हळदीला विक्रमी दर’ असा मथळा झळकतो. तो वाचून शेतकरी गाडी भरून आणतो, त्याला सर्वसाधारण दर मिळतो आणि फसवणुकीचा संशय आडत्यावर येतो. बाजार समिती किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर नोंदवते, त्याबरोबर आवकही नोंदवते. हे चार आकडे एकत्र दिले असते, तर दोघांमधील विश्वासाला तडा गेला नसता.

बँकेच्या बातमीत तर आयुष्यभराची पुंजी पणाला लागते. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब ॲण्ड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले. आरंभी खातेदारास केवळ १,००० रुपये काढता येत होते. बँकेच्या कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ते लपवण्यासाठी हजारो बनावट खाती दाखवल्याचा आरोप पुढे आला. त्या दिवसांत ठेवीदाराला रडणाऱ्या गर्दीच्या छायाचित्रांपेक्षा काही साध्या प्रश्नांची उत्तरे हवी होती. निर्बंध म्हणजे परवाना रद्द होणे काय? विम्याचे संरक्षण किती? उत्तरे न मिळाल्यास अफवा ती जागा घेतात. सहकारी बँकांविषयी अफवा इतक्या पसरल्या, की बँकव्यवस्था सुरक्षित असल्याचे निवेदन रिझर्व्ह बँकेला १ ऑक्टोबर २०१९ रोजी करावे लागले.

ठेवविम्याची मर्यादा तेव्हा १ लाख होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख झाली. एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांत त्याच नावाने ठेवलेल्या ठेवी त्यासाठी एकत्र धरल्या जातात. २०२१ च्या दुरुस्तीनुसार निर्बंध लागू झाल्यास विम्याची रक्कम साधारणतः ९० दिवसांत मिळण्याची तरतूद आहे. बँकेविषयी लिहिणाऱ्या प्रत्येक वार्ताहराला एवढे तरी मुखोद्गत असावे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया म्हणजे खोटे दस्तऐवज करणे आणि न्यासापहार म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव गिळणे यांची गणना होते. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोटी वजने-मापे वापरणे आणि भेसळ येते. आर्थिक वार्ताहराने कशावर लक्ष ठेवावे, याची ही जणू सूचीच आहे. मात्र त्याच सत्याणुव्रतात रहोभ्याख्यान, म्हणजे कोणाची खाजगी गोष्ट चव्हाट्यावर आणणे, हाही दोष मानला आहे. भागीदारीतील घरगुती कलह ही वार्ता नव्हे. ठेवीदारांचे पैसे कोठे गेले, ही वार्ता होय. हा विवेक शिकवणे हेच या प्रशिक्षणाचे मर्म आहे.

उर्वरित अभ्यासक्रम कठीण नाही. उलाढाल आणि नफा यांतील भेद, अधिकृत आणि भरणा झालेले भागभांडवल, लेखापरीक्षकाचा शेरा, नगरपालिकेचे अंदाजपत्रक, एवढे समजले तरी निम्मे काम झाले. दर घसरला तर व्यापाऱ्याप्रमाणेच हमाल, तोलाईदार आणि शेतकरी यांनाही विचारावे, आणि भेटवस्तू स्वीकारू नये, या दोन सवयी त्याला जोडाव्यात.

हे शिक्षण वर्गात जितके मिळेल, त्याहून अधिक पेठेत मिळेल. व्यापारी संघटनांनी तरुण वार्ताहरांना काही दिवस पेढीवर बसवून घ्यावे. आडत, तोलाई, हमाली आणि बाजार समितीचा सेस यांचा हिशेब समोर मांडून दाखवावा. ज्या घरात सनदी लेखापाल मुलगा किंवा सून आहे, तिने एखादी सायंकाळ ताळेबंद समजावून देण्यास द्यावी. आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांपैकी ज्ञानदान ते हेच. बदल्यात अनुकूल बातमीची अपेक्षा मात्र ठेवू नये. अपेक्षा ठेवली की दानाचा सौदा होतो.

कधीतरी हाच वार्ताहर त्याच पेढीला अवघड प्रश्न विचारील. वही खरी असेल, तर त्या प्रश्नाचे भय बाळगण्याचे कारण नाही.