बांधावरची भाजी आणि अंगातलं रक्त

वर्षावास सुरू आहे. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चाललं आहे. वर्षावासाची प्रथा कशी पडली हे बहुतेक विहारांत पहिल्याच आठवड्यात सांगितलं जातं. पावसाळ्यात भिक्खू गावोगाव फिरत, त्यांच्या पायाखाली नुकते उगवलेले कोंब आणि बारीकसारीक जीव चिरडले जात. लोकांनी तशी तक्रार केली. भगवान बुद्धांनी ती ऐकली आणि भिक्खूंना पावसाचे तीन महिने एका जागी राहायला सांगितलं. विनयपिटकातली ही गोष्ट मी आरोग्याच्या पानावर मुद्दाम आणते आहे, कारण शेताचा आणि माणसाच्या वागण्याचा संबंध त्यात सरळ सांगितला आहे.

आपल्या वस्तीतल्या बायकांना हे तीन महिने एका जागी बसता येत नाही. सकाळी एका ऑटोत दहा-बारा जणी दाटीवाटीने बसून पंधरा-वीस किलोमीटरवर निंदायला जातात. यवतमाळ, अमरावती, वर्धा, कुठल्याही शहराच्या टोकावरच्या वस्तीत पहाटे उभं राहा, हे ऑटो दिसतील. शेत आपलं नाही, पीक आपलं नाही. तरी त्या शेतात काय पेरलं जातं आणि काय फवारलं जातं यावर आपल्या घराची तब्येत ठरते, असं माझं म्हणणं आहे.

पूर्वी निंदणाहून परतताना बाईच्या ओटीत काहीतरी असायचंच. केणा, कुंजरू, घोळ, चिवळ, काटेमाठ, पहिल्या पावसाचा कोवळा तरोटा, पुढे आंबाडी. कपाशीच्या मधल्या तासात तूर, कडेला बरबटी, मूग, तीळ असायचे. शेतमालकाच्या लेखी जे तण होतं ते आपल्या घरी रात्रीचं कोरड्यास होतं, आणि त्याला पैसे पडत नव्हते. आता ओटी रिकामी येते. मी बायकांना विचारलं तर एकीने सांगितलं, "ताई, निंदायले तणच नाही राहिलं, भाजी कुठून आणू? औषध मारते न थे."

तणनाशकाने बाईचं दुहेरी नुकसान होतं. एक, फुकटची भाजी जाते. दोन, निंदणाचा रोज जातो. एक माणूस पाठीवर पंप घेऊन एका दिवसात जेवढं तण जाळतो, तेवढं निंदायला आठ-दहा बायकांना काम लागलं असतं. शेतकऱ्याच्या बाजूनेही बघायला हवं. त्याला मजूर परवडत नाही, कापसाला भाव नाही, तोही पिचलेलाच आहे. विदर्भात चोर बीटी म्हणतात ती सरकी, मंजुरी नसलेली, तणनाशक मारलं तरी न मरणारी, उघड पेरली जाते. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात तर ती जाहीर कार्यक्रम करून पेरली गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीड नियंत्रण चालकांनीच वापरावं असा आदेश काढला. आपल्या बायका ज्या शेतात जातात तिथे असा परवानाधारक मला अजून भेटलेला नाही. पंप मारणारा बहुतेक वेळा आपल्यातलाच कुणाचा तरी मुलगा असतो.

२०१७ चा पावसाळा यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, किडीचा जोर होता, दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती आणि पंपाचा फवारा थेट तोंडावर येत होता. जुलै ते ऑक्टोबर या काळात जिल्ह्यात किमान वीस माणसं गेली, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. गेलेल्यांत शेतकरी होते तसेच भूमिहीन मजूरही होते. नंतर चौकशी झाली, अहवाल आले, मदत जाहीर झाली. पण पंप उचलणाऱ्या पोराला अंगभर कपडे, हातमोजे आणि मास्क देण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर आहे, ही गोष्ट अजून मजुरांच्या कानावर गेलेली नाही. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे, त्याखालचे नियम १९७१ चे. फवारणाऱ्याला संरक्षक कपडे आणि साधनं द्यायची असं त्यात लिहिलेलं आहे. सांगायचं तर कायदा माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे.

विष पोटातूनच जातं असं लोक समजतात. या औषधांपैकी बरीच कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातात. घामेजलेली कातडी ती लवकर शोषते. म्हणून फवारणी करणाऱ्याला घरी आल्यावर डोकं दुखणं, मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ सुटणं, डोळ्यांपुढे धूसर दिसणं, अंगाचे स्नायू फडफडणं यातलं काही झालं तर ऊन लागलं म्हणून झोपवून ठेवू नका. कपडे लगेच काढा, साबण लावून भरपूर पाण्याने अंग आणि केस धुवा, १०८ ला फोन करा. मुद्दाम उलटी करायला लावू नका, दूध-तूप पाजू नका. औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी दवाखान्यात सोबत न्या, पण पिशवीत बांधून. कोणतं विष आहे हे कळलं तर डॉक्टरांचा वेळ वाचतो. अशा काही विषांवर अ‍ॅट्रोपिनसारखा उतारा असतो आणि तो वेळेत लागतो. डब्यावर रंगीत चौकोन असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, निळा, हिरवा. हिरव्याचा अर्थ निर्धोक असा नाही.

आणखी एक. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नका, लहान मुलांच्या तर नाहीच. आणि औषधाचे रिकामे कॅन. पाच लिटरचा चांगला जाड कॅन फेकवत नाही हे मला समजतं. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या वस्तीत भांड्याची किंमत असते. पण त्यात पाणी भरून ठेवू नका, चुलीचं रॉकेलसुद्धा नको. कितीही धुतला तरी नाही.

आता रक्ताकडे येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ टक्के होता. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तर ६८.९ टक्के. म्हणजे रस्ते झाले, मोबाइल आले, आणि रक्त कमी झालं. वस्तीतल्या तपासणी शिबिरात सात-आठ हिमोग्लोबिन असलेली बाई मला नवीन नाही. विशेष म्हणजे ती कामावर जाऊन आलेली असते. काय खाल्लं विचारलं तर सकाळी चहा-टोस्ट, दुपारी डब्यात भात किंवा पोळी आणि बटाटा, रात्री पुन्हा भात. पोट भरतं. तेवढंच.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. केवळ रानभाजी खाऊन सात हिमोग्लोबिन बारा होत नाही. पालेभाजीतलं लोह शरीर कमी प्रमाणात घेतं. त्यावर लिंबू पिळलं तर जास्त घेतं, जेवणाबरोबर चहा प्यायला तर आणखी कमी. लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. शिवाय आपल्या समाजात, विशेषतः विदर्भात, सिकलसेल आहे. म्हणून प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचाच आहे असं धरून चालू नका. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, लग्नाआधी तर करावीच. पण औषध चालू असताना ताटात रोज काय येतं हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर शेतात आहे.

विदर्भातली ज्वारी कुठे गेली ते बघा. आधी सोयाबीन आलं, २००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली, आणि बघता बघता शिवार या दोन पिकांनी भरलं. ज्वारीच्या कापणीला मजुरी धान्यात मिळायची, ती घरात यायची. कापूस खाता येत नाही. सोयाबीन तेलाच्या कारखान्यात जातं, पेंड कोंबड्यांना आणि परदेशात जाते. हजारो एकर हिरवंगार दिसतं आणि निंदणाऱ्या बाईच्या ताटात त्यातलं काही येत नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण ४ मिलिग्रॅम लोह असतं, पांढऱ्या तांदळात १ मिलिग्रॅमही नाही. (गव्हाच्या पिठात जवळपास ज्वारीइतकंच आहे, हेही सांगायला हवं. पण मैद्याच्या टोस्टात नाही.) ज्वारीबरोबर कडबा जातो, कडब्याबरोबर गुरं जातात, गुरांबरोबर शेणखत जातं. मग माती पोत्यातल्या खतावर जगते, आणि एकच पीक लांबच लांब उभं राहिलं की किडीला मेजवानी होते. मग फवारणी वाढते. शेत आजारी पडण्याचा आणि वस्ती आजारी पडण्याचा रस्ता हा असा एकच आहे.

या विषयावर शहरात अलीकडे बरंच बोललं जातं. सेंद्रिय माल, विषमुक्त अन्न, २०२३ चं भरडधान्य वर्ष. ज्वारी-बाजरीला 'श्री अन्न' असं नाव मिळालं आणि ती मॉलमध्ये सुंदर पाकिटात जाऊन बसली. आमच्या किराणा दुकानात मात्र ज्वारी गव्हापेक्षा महाग झाली. आणि या सेंद्रिय बोलण्यात हळूच एक 'सात्त्विक' शब्द येतो. त्याच्यापासून आपण सावध राहिलं पाहिजे. अंडं, सुकट, बोंबील, कलेजी, वजडी हे आपलं अन्न आहे. कलेजीतलं लोह शरीर पालेभाजीपेक्षा सहज घेतं, हे पाठ्यपुस्तकातलं आहे, माझं मत नाही. मार्च २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. गरिबाचं स्वस्त बड्याचं मटण गेलं, आणि म्हातारा बैल विकता येत नाही म्हणून शेतकऱ्यालाही नवा बैल घेणं जड झालं. शेणखत कमी झालं त्यात हाही वाटा आहे. शाळेच्या पोषण आहारात २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं मिळू लागलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा पैसा बंद केला आणि लोकवर्गणीतून द्या असं सांगितलं. अंडी कुणाच्या मुलांची गेली ते सांगायला नको.

काही कार्यकर्ते मला म्हणतात, बाबासाहेबांनी खेडं सोडा म्हटलं, तुम्ही पुन्हा शेताच्या गोष्टी काय काढता? ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याची चिरफाड केली, ती मला मान्य आहे. जुनं गाव चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. त्या गावात आपल्याला विहिरीवर पाणी नव्हतं. पण त्याच बाबासाहेबांनी त्याआधी १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जात-धर्म न बघता गावकऱ्यांना कसायला द्यावी आणि ती सामूहिक पद्धतीने कसावी, अशी मांडणी केली होती. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो लोक तुरुंगात गेले. खेड्याची जात सोडणं आणि जमिनीवरचा हक्क सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आळवीच्या शेतकऱ्याची गोष्ट आपल्या उपासिकांना माहीत असेल. बैल हरवला म्हणून तो सकाळपासून रानात हिंडत होता. देशनेला उशिरा, भुकेला पोहोचला. बुद्धांनी आधी त्याला जेवायला घालायला लावलं आणि तो जेवेपर्यंत देशना थांबवली. बुद्धांनी त्याला संयम शिकवला नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

तेव्हा आपण काय मागायचं? शेतावर जाताना मुकादमाला विचारायचं की या शेतात फवारणी कधी झाली, कोणतं औषध होतं. फवारल्या दिवशी आत जायचं नाही. एकटीने विचारलं तर उद्यापासून ऑटोत जागा मिळणार नाही, म्हणून ऑटोतल्या सगळ्यांनी मिळून विचारायचं. फवारलेल्या शेतातली किंवा नालीच्या काठची भाजी खुडायची नाही. ज्यांची गायरान जमीन १४ एप्रिल १९९० च्या आधीपासून ताब्यात आहे आणि अजून नावावर नाही, त्यांनी १९९१ च्या शासन निर्णयाचा आधार घेऊन पाठपुरावा करायचा. २०२२ पासून नोटिसा येत आहेत, गप्प बसून चालणार नाही. ती जमीन हलकी असते, पण तिथे ज्वारी, तूर आणि आंबाडी येते, आणि तिथे काय पेरायचं ते आपण ठरवतो.

वस्तीतल्यांसाठी पहिलं काम रेशनचं आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ-गव्हाबरोबर भरडधान्यही लिहिलेलं आहे. आपल्या जिल्ह्यात ज्वारी द्या, आणि ती इथल्याच शेतकऱ्याकडून हमीभावाने घ्या, अशी मागणी तहसीलच्या पुरवठा शाखेकडे आणि रेशनच्या दक्षता समितीकडे लेखी करता येते. सरकारची हमखास खरेदी असेल तर शेतकरी दोन एकरात ज्वारी पेरायला धजेल. अर्जाची पोच घ्या. सह्या गोळा करताना बायकांच्या आधी घ्या. त्याच कायद्याने शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईचं नाव असतं.